त्या खोलीत काय बोलतात?

कुठे ती प्रयोगशाळेला लागून असते, कुठे जिन्याखाली. दारावर पाटी, ‘समुपदेशक’. आत दोन खुर्च्या, एक टेबल, बस्स! पण बाहेरून जाणारी मुलं कुजबुजतात, “कोण आहे रे आत? डोकं फिरलं वाटतं त्याचं!” मग ज्याला खरंच आत जायचं असतं, तो दारावरून दोन फेऱ्या मारतो, नळावर पाणी पितो आणि वर्गात येऊन बसतो.

मित्रांनो, आज आपणच आत डोकावू या.

समजा, नववीतली एक मुलगी आहे. सहामाहीत गणितात ११ गुण. प्रगतिपुस्तकावर बाबांची सही हिनंच ठोकून दिली आणि पकडली गेली. वर्गशिक्षिकेनं तिला समुपदेशक ताईंकडे पाठवलं. आता बोलणी खायची, म्हणून ती मान खाली घालून बसली. ताईंनी सहीचा विषयच काढला नाही. विचारलं, “रात्री झोप लागते का गं?”

एवढ्यावर तिला रडू फुटलं. बाबांची नोकरी गेलेली. रोज रात्री घरात भांडण. ही धाकट्या भावाला घेऊन गॅलरीत बसते, तो झोपेपर्यंत. सकाळी गणिताच्या तासाला डोळे मिटतात.

‘समुपदेशन’ या शब्दात ‘उपदेश’ बसलाय खरा, पण तो नावापुरताच! चांगला समुपदेशक बोलतो कमी, ऐकतो जास्त. बाबांची नोकरी ताई परत आणू शकत नाहीत, आणि तसं त्या भासवतही नाहीत. पण शाळा सुटल्यावर तासभर वाचनालयात बसता येईल का, गणिताच्या सरांशी कोणी बोलायचं, सहीचं घरी कसं सांगायचं, यावर दोघी मिळून वाट काढतात.

“पण ताई हे हेडसरांना सांगतील? आईला?” खरी भीती हीच असते ना? तर नाही. तुमची गोष्ट तुमचीच राहते. मात्र काही बाबतींत ताईंना गप्प बसता येत नाही. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा. कोणी लैंगिक त्रास देत असेल तेव्हाही. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवावंच लागतं. चांगल्या ताई हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवतात. नाही सांगितलं, तर तुम्ही बेधडक विचारा.

आणि हाच नियम तुम्हालाही लागू आहे, बरं का! मैत्रीण म्हणाली, “मला जगावंसंच वाटत नाही, पण कोणाला सांगू नकोस, आईची शपथ”, तर ती शपथ खुशाल मोडा. तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी एका मोठ्या माणसाच्या कानावर घाला. ती चार दिवस रुसेल. रुसू दे. याला चहाडी म्हणत नाहीत.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संधान बांधायचं. पण ती पाटी सगळ्या शाळांत काही एका रात्रीत लागत नाही. तोवर दोन नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. संकटातल्या मुलांसाठी १०९८, आणि मन जड झालं की ‘टेलि-मानस’चा १४४१६. हा दुसरा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. पैसे पडत नाहीत, रात्रीबेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

तुमच्या शाळेत पाटी असेल, तर आधी वार विचारून घ्या. काही ताई आठवड्यातून दोनच दिवस येतात. दाराला कुलूप दिसलं म्हणून परत फिरलेली मुलं पुन्हा सहसा जात नाहीत.