समुद्रावर न उतरणारा समुद्रपक्षी

वाघोलीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. तरीही पावसाळ्याच्या तोंडावर चक्रीवादळाची बातमी आली, की मी गच्चीवरून घारींकडे जरा निरखून पाहतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि पुणे जिल्ह्यालाही झोडपून गेले. अशा वादळांत भर समुद्रातले पक्षी जमिनीकडे ढकलले जातात. फ्रिगेट हा त्यांपैकीच एक.

घारीशी त्याची गल्लत सहज होते, कारण शेपटी दोघांचीही दुभंगलेली. पण घारीच्या शेपटीला उथळ खाच असते, तर फ्रिगेटची शेपटी कात्रीसारखी खोल चिरलेली असते. पंख लांब, निमुळते आणि मध्येच कोनात वाकलेले. चोच लांब, टोकाशी आकडेदार. नराच्या गळ्याची लाल पिशवी विणीच्या हंगामातच फुगते, त्यामुळे इथे ती खूण उपयोगाची नाही. जगातल्या पाच जातींपैकी तीन भारतीय समुद्रांवर दिसतात. छोट्या फ्रिगेटच्या काखेत पांढरा पट्टा असतो, मोठ्या फ्रिगेटचा नर खालून पूर्ण काळा, तर ख्रिसमस बेटावरच्या नराच्या पोटावर पांढरा डाग असतो. माद्या आणि अल्पवयीन पक्षी ओळखणे अवघड. तिथे छायाचित्रच हवे.

या पक्ष्याचे खरे नवल वेगळेच आहे. त्याची पिसे पाण्यात भिजतात आणि पाय अगदी तोकडे असतात, म्हणून तो समुद्रावर उतरतच नाही. उडणारे मासे आणि माकूल तो पृष्ठभागावरून वरच्यावर उचलतो. इतर पक्ष्यांची शिकार हिसकावतो म्हणून तो लुटारू ठरला. पण त्याचे बरेचसे अन्न स्वकष्टाचेच असते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून दिसले, की मोठा फ्रिगेट ढगांखालच्या ऊर्ध्ववाऱ्यांवर स्वार होऊन दोन महिन्यांपर्यंत हवेत राहू शकतो आणि उडता उडता दिवसाकाठी सरासरी पाऊण तासाहून कमी झोपतो.

वाऱ्यावर जगणाऱ्या या पक्ष्याला वारा नेईल तिकडे जावे लागते. थकून पडला, तर सपाट जमिनीवरून त्याला उडणे कठीण जाते. अशा वेळी ‘समुद्रपक्षी’ म्हणून कुणी त्याला वाघेश्वर मंदिराजवळच्या तळ्यात सोडले, तर ती दयाच त्याच्या जिवावर बेतेल. भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, कोरडा ठेवावा. काही भरवू नये आणि वनविभागाला १९२६ वर कळवावे. त्याला नीट ओळखणे हीच त्याला पहिली मदत.