गवंड्याच्या कामी येणारा फोटो

बिबवेवाडीत विटेची भिंत दोनदाच उघडी दिसते, सोसायटी बांधताना आणि पुनर्विकासात ती पाडताना. मधली सगळी वर्षं ती गिलाव्याखाली असते. जुनी वीट बघायची, टिपायची तर आम्ही गंगाधाम चौकातून कोंढव्याची वाट धरतो आणि बोपदेव घाटातून सासवडला जातो. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ 1720 मध्ये वारले ते याच गावी. इथल्या पुरंदरे वाड्याची दर्शनी बाजू पाहिली की पुणेकराला शनिवारवाडा आठवतोच. खाली दगड, वर वीट आणि दोन्ही अंगांना बुरूज.

अशा भिंतीपुढे उभं राहिलं की हात आपोआप मोबाइलकडे जातो आणि एक देखणा फोटो निघतो. पण उद्या ही भिंत ढासळली, तर त्या फोटोवरून गवंड्याला ती पुन्हा रचता येईल का? जुन्या विटेच्या इमारतीचा फोटो काढताना मी हाच प्रश्न धरून चालतो. फ्रान्सच्या सरकारने 1851 मध्ये पाच छायाचित्रकारांना देशभर पाठवलं, ते जुन्या इमारतींची दुरुस्ती ठरवायला नोंद हवी म्हणून. छायाचित्रकला तेव्हा जेमतेम बारा वर्षांची होती.

सगळ्यात आधी ऊन बघायचं. ऊन समोरून भिंतीवर पडलं की वीट आणि चुना एकाच पातळीत गेल्यासारखे दिसतात, भिंत सपाट होते. तेच ऊन भिंतीला घासून आलं की प्रत्येक विटेची कड उठते, झिजलेला सांधा काळा पडतो, फुगलेला भाग लगेच कळतो. म्हणून भिंतीचं तोंड कुठे आहे हे ठाऊक हवं. शनिवारवाड्याचंच बघा. 1730 मध्ये पायाभरणी झालेल्या या वाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात ती बाजू दिवसभर सावलीत असते. मात्र मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येऊन गेला की सूर्य भर दुपारीही किंचित उत्तरेला असतो, आणि ऊन वरून खाली त्या भिंतीला घासत उतरतं. एरवी छायाचित्रकार दुपारचं ऊन टाळतात. उत्तराभिमुख विटेसाठी मात्र मेअखेरीची दुपार गाठावी. पुढे पावसाळी ढग येतात. ढगाळ दिवशी सांधे उठत नाहीत, पण विटेचा रंग खरा येतो. जमलं तर दोन्ही वेळा जावं.

मग भिंत सरळ यायला हवी. उंच वाडा चौकटीत बसवायला फोन मागे कलता केला की भिंती फोटोत मागे कलंडतात. मागे सरकावं, फोन उभा ओळंब्यात धरावा. समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावरून काढता आला तर फारच छान. एका विटेशेजारी मोजपट्टी धरून जवळून फोटो घ्यावा. पेशवाईतली वीट आजच्या विटेपेक्षा पातळ, त्यामुळे हे माप अंदाजाने धरून चालत नाही. वीट आणि वरचा चुन्याचा सांधा मिळून किती भरतात ते कळलं की फोटोतले थर मोजून भिंतीची उंची काढता येते.

आणि मागे जावं. हे मला तेरने शिकवलं. धाराशिव जिल्ह्यातल्या या गावी त्रिविक्रमाचं जुनं मंदिर आहे, विटांचं. समोरून पाहिलं तर मंडप असलेलं देऊळ. वळसा घालून मागे गेलं की भिंत अर्धगोल वळलेली दिसते, कार्ले-भाज्याच्या चैत्यगृहांसारखी. पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांनी ही वास्तू मूळची बौद्ध चैत्य असल्याचं मांडलं, ते याच आकारावरून. समोरचा एकच फोटो काढून निघालेल्या माणसाच्या हाती तेरची खरी गोष्ट लागणारच नाही.

विटेच्या प्रेमात पडलेल्यांना एक सांगायला हवं. गिलावा गळून उघडी पडलेली लाल भिंत फोटोत सुंदर दिसते, पण ती अनेकदा इमारतीची जखम असते. पुष्कळशा भिंती चुन्याच्या गिलाव्याखाली झाकून राहाव्यात म्हणूनच बांधलेल्या असतात. चुना ओल बाहेर जाऊ देतो. त्यावर सिमेंटचं ठिगळ लावलं की ओल आत कोंडते, क्षार धरतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. असं ठिगळ फोटोतून वगळू नये. तडा, पिंपळाचं मूळ, खचलेलं जोतं, सगळं यायला हवं. दुरुस्ती करणाऱ्याला तेच लागतं.

यातले बरेच वाडे राहते आहेत. कॅमेरा दिसला की ओसरीवरून हमखास प्रश्न येतो, ‘बिल्डरकडून आलात का?’ वाटणीचे वाद, भाडेकरूंची प्रकरणं, पाडापाडीची धास्ती, सगळं त्या एका प्रश्नात असतं. काका, मावशी म्हणून आधी चार शब्द बोलावेत, कशासाठी आलो ते सांगावं, नाही म्हणाले तर परत फिरावं. आतल्या चौकाचा फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नये.

दिवाळीत गावी जाल तेव्हा ओळखीच्या एका वाड्याचे असे दहा फोटो काढा: चारही बाजू, कोपरे, दरवाजा, एक वीट मापासह. प्रत्येकावर गाव, आळी, दिशा आणि तारीख लिहा. निघण्याआधी एक संच त्या घरी देऊन या.