ऊबदार नगरीत हिमवादळ

आषाढात कोकणात मुसळधार पाऊस पडला, तर त्याचे कोणी नवल करीत नाही. घरे शाकारलेली असतात, जळण माळ्यावर रचलेले असते, अंगणातले चर मोकळे केलेले असतात. पण तोच पाऊस ऐन सुगीत अवचित कोसळला, तर खळ्यावरचे धान्य भिजून जाते आणि शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी पळते. संकटाचे मोजमाप केवळ त्याच्या आकारावरून होत नाही. ते ज्याच्या दारी येते, त्याची तयारी किती आहे, हेही पाहावे लागते. इसवी सन २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतील एका ऊबदार शहराला हा अनुभव आला.

त्या शहराचे नाव न्यू ऑर्लीन्स. लुइझियाना राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी ते वसले आहे. जगाच्या नकाशावर आपल्या हरिद्वारापासून पश्चिमेकडे सरळ रेघ ओढली, तर ती इजिप्तमधील कैरोजवळून जाऊन अखेर या शहराला भेटते. कारण ही तिन्ही स्थळे सुमारे ३० अंश उत्तर अक्षांशावर आहेत. येथे जानेवारीतही दुपारचे तापमान बहुधा १७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. लोकांना भय असते ते पुराचे आणि चक्रीवादळांचे. म्हणून कित्येक जुनी घरे विटांच्या खांबांवर उचलून बांधलेली आहेत. घराखालून वारा खेळतो, पुराचे पाणी उंबऱ्याला लागत नाही. मात्र पाण्याचे नळही पुष्कळदा याच मोकळ्या जागेतून नेलेले असतात. उन्हाळ्यात आणि पुरात जी रचना सुखाची, तीच कडाक्याच्या थंडीत घातक ठरते.

मग अशा ठिकाणी हिमवर्षाव होतो तरी कसा? आपल्या देशाच्या उत्तरेस हिमालय पूर्वपश्चिम आडवा उभा आहे. मध्य आशियातील अतिशीत वारे तो अडवितो. उत्तर अमेरिकेत तशी आडवी भिंत नाही. तेथील रॉकी आणि ॲपलाचियन या पर्वतरांगा साधारणपणे उत्तरदक्षिण पसरल्या आहेत, आणि त्यांच्यामधील विस्तीर्ण मैदान दार नसलेल्या वेशीसारखे उघडे आहे. कधी कधी ध्रुवप्रदेशाकडील थंडगार हवा या मैदानातून थेट दक्षिणेस समुद्रकाठापर्यंत उतरते. त्याच वेळी मेक्सिकोच्या आखातावरील बाष्पयुक्त हवा तिला येऊन भिडली, तर थंड हवा जड म्हणून खाली राहते, ऊबदार हवा तिच्यावर चढते, आणि तिच्यातील बाष्पाचे हिमकण होतात. जमिनीपर्यंतची सारी हवा पुरेशी थंड असली, म्हणजे ते वाटेत न वितळता खाली पोहोचतात. नुसत्या थंडीने बर्फ पडत नाही आणि नुसत्या बाष्पानेही पडत नाही. दोहोंचा असा योग क्वचितच जुळून येतो.

हा योग येत आहे, हे हवामानशास्त्रज्ञांनी काही दिवस आधीच ओळखले होते. उपग्रह, वातावरणात सोडलेले फुगे आणि गणकयंत्रे यांच्या साहाय्याने त्यांनी इशारे दिले. लेक चार्ल्स येथील हवामान कार्यालयाने तर आपल्या इतिहासात प्रथमच हिमझंझावाताचा इशारा प्रसिद्ध केला. राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केली, आणि शहर तयारीस लागले.

या तयारीमागे पूर्वीच्या दोन कटू प्रसंगांची शिकवण होती. पहिला प्रसंग अटलांटा शहरातील. २८ जानेवारी २०१४ रोजी तेथे अवघा सहासात सेंटिमीटर बर्फ पडला. उत्तरेकडील शहरांत एवढ्या बर्फाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते. पण हिमवर्षाव सुरू झाल्यावर शाळा, कचेऱ्या आणि दुकाने जवळजवळ एकाच वेळी सुटली. लाखो माणसे एकदम रस्त्यावर आली, गाड्या घसरून आडव्या झाल्या, आणि रस्त्यांवर मीठ टाकणारी वाहनेसुद्धा त्या कोंडीत अडकली. दोन हजारांहून अधिक मुलांना ती रात्र शाळेतच काढावी लागली. काही मुले तर बसगाड्यांतच खोळंबली. बर्फ थोडा होता. निर्णयास उशीर झाला, हेच अनर्थाचे मूळ.

दुसरा प्रसंग टेक्सास राज्यातील, फेब्रुवारी २०२१ मधील. तेथे दीर्घकाळ थंडी पडल्यामुळे नैसर्गिक वायूचा पुरवठा आणि वीजकेंद्रांची यंत्रसामग्री गोठून बंद पडली. ४५ लाखांहून अधिक घरे व व्यवसाय विजेवाचून राहिले, आणि सरकारी गणनेप्रमाणे २४६ माणसे मृत्युमुखी पडली. ज्या वेळी उबेची गरज सर्वांत अधिक, नेमक्या त्याच वेळी ती देणारी वीज नाहीशी झाली.

म्हणून न्यू ऑर्लीन्समध्ये बर्फ पडू लागण्यापूर्वीच शाळा व कचेऱ्या बंद ठेवण्याचे ठरले. लोकांना घरीच राहण्यास सांगण्यात आले. उंच रस्ते आणि पूल वाहतुकीस बंद करण्यात आले. जमिनीवरील रस्त्याला खालच्या मातीची थोडी ऊब मिळते. पुलाला मात्र वरून आणि खालून थंड वारा झोंबतो, म्हणून तो आधी गोठतो. रस्त्यांवर मीठ किंवा मिठाचे पाणी टाकतात, कारण खारे पाणी शून्य अंशाला गोठत नाही. बर्फ बाजूला सारणारी अवजड वाहने अशा शहरात सहसा नसतात. कित्येक वर्षांतून एकदा लागणाऱ्या यंत्रांवर दर वर्षी पैसा खर्च करावा, की तो पूर आणि चक्रीवादळे यांच्यासाठी राखावा, हा प्रश्न नगरपित्यांना सोडवावा लागतो, आणि त्याचे उत्तर सोपे नाही.

नागरिकांना चार गोष्टी जपण्यास सांगितले होते: माणसे, पाळीव प्राणी, पाण्याचे नळ आणि झाडे. यांपैकी नळांचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पाणी गोठले, की ते फुगते. शंभर भांडी पाण्याचा बर्फ झाला, तर त्याला सुमारे १०९ भांड्यांची जागा लागते. नळात एवढी जागा नसते. त्यामुळे आतील दाब वाढतो आणि धातूचा नळही फुटतो. यावर उपाय म्हणून लोक उघड्या नळांना फडकी गुंडाळतात आणि तोटीतून बारीक धार सुरू ठेवतात. घरात ऊब नसलेल्यांसाठी शहराने निवारे उघडले. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नये आणि विजेचे जनित्र घरात चालवू नये, असेही बजावण्यात येते. कारण त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग असतो, ना वास. झोपलेल्या माणसाचा तो नकळत प्राण घेतो. आपल्याकडील थंड प्रदेशांतही या चुकीपायी कुटुंबे दगावली आहेत. म्हणून ही सूचना आपणही ध्यानात ठेविली पाहिजे.

२१ जानेवारीच्या सकाळी हिमवर्षाव सुरू झाला. विमानतळावर सुमारे २० सेंटिमीटर बर्फाची नोंद झाली. तेथील पूर्वीचा उच्चांक ३१ डिसेंबर १९६३ चा, तो जेमतेम सात सेंटिमीटरांचा होता. शहरात एवढा बर्फ यापूर्वी १८९५ साली पडला होता. राजमार्ग ओस पडले, विमाने जागीच राहिली. या वादळात दक्षिणेकडील राज्यांत काही माणसे दगावलीही. पण न्यू ऑर्लीन्सचे रस्ते अटलांटासारखे अडकलेल्या गाड्यांनी भरून गेले नाहीत. मुले शाळेत अडकून पडली नव्हती. ती आपापल्या दारांत होती. त्यांनी जन्मात प्रथमच बर्फाचे गोळे केले, आणि हाती लागेल त्या फळीवर बसून ती उतारांवरून घसरली. थोरामोठ्यांनीही त्या खेळात भाग घेतला. संकटाचा तो दिवस मुलांपुरता सणाचा झाला.

निसर्गाचे लहरी वागणे आपणांस थांबविता येत नाही. परंतु इशारा ऐकणे, त्याचे कारण समजून घेणे आणि वेळ हाती आहे तोवर पाऊल उचलणे, हे आपल्या हाती असते. अटलांटाच्या मुलांची ती रात्र आणि न्यू ऑर्लीन्सच्या मुलांचा तो दिवस यांत जो फरक पडला, त्यात थोड्याशा आगाऊ विचाराचा वाटा मोठा होता.