जहाजाचं नाव नको, नंबर सांगा

मुंबईचा समुद्र चिखलदऱ्यापासून सरळ रेषेत मोजला तरी पाचशे किलोमीटरच्या पुढे. आपल्या कास्तकाराच्या शेतात पडणारं पोटॅश जवळपास सगळं परदेशातून जहाजानं येतं, पण ते आणणारं जहाज इथं कुणी पाहिलेलं नसतं. गेल्या पावसाळ्यात परतवाड्याचा माझा भाचा वर आला. बाहेर धुकं, समोर इथलीच कॉफी. एका एजंटानं त्याला जहाजावर नोकरी देऊ केली होती. जहाजाचं नाव तेवढं सांगितलं होतं, बाकी काही नाही. तो म्हणाला, "मामा, जहाज चांगलं हाये का नाही, हे मले इथं बसून कसं समजन?"

समजतं, इथं बसूनच समजतं. पण त्याआधी जहाजांच्या तपासणीबद्दलचे काही गैरसमज बाजूला सारावे लागतात.

"तपासणी म्हणजे कस्टमवाले"

कस्टम माल बघतं. इथं प्रश्न खुद्द जहाजाचा आहे. बंदरात आलेल्या परदेशी जहाजावर बंदर ज्या देशाचं, त्या देशाचे सर्व्हेअर चढतात, त्याला पोर्ट स्टेट कंट्रोल म्हणतात. खलाशांच्या तोंडी पीएससी. आपल्याकडे हे काम नौवहन महासंचालनालयाच्या हाताखालचा मर्कंटाइल मरीन विभाग करतो. लाइफबोटीचं इंजिन सुरू करून दाखवा, आणीबाणीचा आगपंप चालवा, खलाशांच्या विश्रांतीच्या तासांची नोंद आणा, असं तिथं चालतं. जे सापडेल ते फॉर्मवर उतरतं आणि प्रत कप्तानाच्या हाती पडते. प्रत्येक त्रुटीपुढे एक आकडा असतो. १७ म्हणजे बंदर सोडण्याआधी दुरुस्त करा. ३० म्हणजे जहाज इथंच अडकलं. खलाशी म्हणतात, डिटेन झालं.

"झेंडा परदेशी, मग आपले अधिकारी काय करणार?"

जगातली कितीतरी जहाजं पनामा, लायबेरिया किंवा मार्शल आयलंड्सचा झेंडा लावून फिरतात; मालक मात्र तिसऱ्याच देशात असतो. झेंड्याच्या देशाची जबाबदारी पहिली हे खरं. पण जहाज आपल्या बंदरात आलं की त्याला रोखण्याचा अधिकार आपला असतो. मार्च १९७८ मध्ये अमोको कादिझ हे तेलवाहू जहाज फ्रान्सच्या किनाऱ्यावर फुटलं. त्यानंतर युरोपातल्या देशांनी १९८२ मध्ये पॅरिस करार केला आणि हा अधिकार एकत्रितपणे वापरायला सुरुवात केली. आपल्या भागाचा हिंदी महासागर करार १ एप्रिल १९९९ पासून लागू झाला. त्याचं सचिवालय गोव्यात उभं राहिलं, हे मराठी माणसाला फारसं ठाऊक नाही.

पण बंदरात आलं तर. माझं अडतं ते इथंच. २०११ चा पावसाळा आठवा. जूनमध्ये अलंगला तोडायला नेलं जाणारं विस्डम हे जहाज दोर तुटून जुहूच्या किनाऱ्याला लागलं. ३१ जुलैला पवित हे छोटं तेलवाहू जहाज त्याच वाळूत येऊन रुतलं. खलाशांनी ते महिनाभर आधी ओमानजवळ सोडलं होतं, आणि रिकामं जहाज अरबी समुद्र पार करून मुंबईत पोचेपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. लोक लेकराबाळांना घेऊन ते बघायला गेले. लगेच ४ ऑगस्टला इंडोनेशियाहून दहेजकडे साठ हजार टन कोळसा नेणारं रॅक कॅरियर मुंबईपासून जवळच बुडालं आणि त्याचं तेल किनाऱ्याला लागलं. यांतलं कुठलंही जहाज मुंबईत माल उतरवायला येत नव्हतं. म्हणजे मुंबईतला सर्व्हेअर कितीही कडक असता, तरी त्याला त्या फेरीत या जहाजांवर चढायची वेळच येणार नव्हती. अशा जहाजाची अवस्था आपल्याला कळू शकते ती फक्त दुसऱ्या कुठल्या बंदरानं लिहून ठेवलेल्या कागदावरून. म्हणून दुसऱ्या बंदराचा कागद आपल्यापर्यंत वेळेत पोचणं हा आपल्या किनाऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे. २०१२ मध्ये भारतानं आपल्या बंदरांत येणाऱ्या जहाजांना विम्याची सक्ती करणारे नियम केले. ते हवेच होते. पण विमा नुकसान भरून देतो, जहाज बुडायचं थांबवत नाही.

"सगळ्या जगाची नोंदवही एकच असेल"

नाही. असे प्रादेशिक करार नऊ आहेत आणि अमेरिकेचं तटरक्षक दल दहावं, स्वतंत्र. जवळपास प्रत्येकाची संगणकप्रणाली वेगळी. न्हावाशेवाहून निघालेलं जहाज दुबईच्या जेबेल अलीला लागलं की एका कराराच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जातं, तेही थोड्या दिवसांत. इथं लिहिलेली त्रुटी तिथं दुरुस्त झाली का, हे दोन्ही वह्या जोडल्याशिवाय दिसत नाही. त्रुटी सापडल्याची नोंद जितकी ठळक असते, तितकीच ती मिटल्याची नोंद सगळीकडे उघडी असायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

"पास झालं म्हणजे धोका नाही"

तपासणी काही तासांची असते, त्यात सगळं जहाज उलगडून बघणं होत नाही. डिसेंबर १९९९ मध्ये फ्रान्सजवळ दोन तुकडे झालेलं एरिका त्याआधी अनेक बंदरांत तपासलं गेलं होतं. त्यामुळे एका तपासणीपेक्षा पाच-सहा वर्षांची रांग बघायची. तीच त्रुटी पुन्हा पुन्हा येते का, हे त्यात दिसतं.

"हे कागद गुपित असतात, आणि उघडे केले तर जहाजं बंदरच टाळतील"

बरेच कागद आज उघडे आहेत. कुठलं जहाज कुठं डिटेन झालं याच्या याद्या करारांची कार्यालयं जाहीर करतात. एरिका फुटल्यानंतर काही महिन्यांतच, २००० साली, इक्वासिस ही माहितीपेढी सुरू झाली. नाव नोंदवलं की फुकट बघता येते, मोबाइलवरही. राहिली जहाजं पळण्याची भीती. पॅरिस करारात २०११ पासून कमी जोखमीच्या जहाजाला दोन ते तीन वर्षांतून एकदा नियमित तपासणी लागते, जास्त जोखमीच्या जहाजाला पाच-सहा महिन्यांनी. नोंद उघडी असली की चांगल्या जहाजाचा वेळ वाचतो. मग ते बंदर टाळेल कशाला?

"नाव बदललं की जुनं पाप धुतलं"

नाव, झेंडा, मालक, तिन्ही बदलता येतात. बदलत नाही तो सात अंकी आयएमओ नंबर. २५ मे २०२५ ला केरळजवळ ६४० कंटेनर घेऊन बुडालेलं एमएससी एल्सा ३ घ्या. त्याचा नंबर ९१२३२२१. भाच्याला मी कागदावर करून दाखवलं: पहिल्या सहा अंकांना क्रमानं ७, ६, ५, ४, ३, २ नं गुणायचं. ६३, ६, १०, १२, ६, ४. बेरीज १०१. तिचा शेवटचा अंक १, तोच नंबरातला सातवा अंक. जुळला नाही तर नंबरच खोटा.

मग त्याला तीन कामं सांगितली. एजंटाकडे महासंचालनालयाचा भरती परवाना आहे का ते बघ. खलाशांना वाऱ्यावर सोडलेल्या जहाजांची आंतरराष्ट्रीय यादी उघडी आहे, त्यात जहाज शोध; दोन महिने पगार थकला तरी ते सोडून देण्यातच मोजलं जातं. आणि नाव नको, नंबर माग.

त्यानं तिथंच मेसेज केला. संध्याकाळी, तो परतवाड्याची गाडी पकडायच्या आत, एजंटाचं उत्तर आलं. आकडा सहाच अंकी होता. पोरानं टपरीवरच्या उजेडात तो दोनदा मोजला आणि पुन्हा लिहिलं, "सातवा अंक पाठवा." त्यानंतर अजून उत्तर नाही, आणि पोरगा घरीच आहे.