बोट आपली, मर्जी वाऱ्याची

सेशेल्समध्ये आठवडाभरासाठी यॉट भाड्याने घ्यायची म्हटले, की आपण आधी फोटो बघतो. डेक केवढा, केबिन किती, वातानुकूलन आहे का. पण सहल कशी होईल हे फोटोंपेक्षा कॅलेंडरवर ठरते. तीच बोट, तीच बेटे आणि तेच भाडे असले, तरी एप्रिलमधला आठवडा आणि ऑगस्टमधला आठवडा यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

याचे कारण वारा. मे ते सप्टेंबर तो आग्नेयेकडून वाहतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर 20 नॉटच्याही पुढे जातो. हा वारा आपल्या ओळखीचा आहे. विषुववृत्त ओलांडल्यावर तो उजवीकडे वळतो आणि नैर्ऋत्य मोसमी वारा होऊन कोकणात उतरतो. आपल्याकडे मासेमारी बंद असते, तेव्हा सेशेल्समध्ये हवा कोरडी पण समुद्र खवळलेला असतो. शिडाच्या शौकिनांना हेच दिवस हवेसे वाटतात. ज्यांना बोट लागते त्यांनी मात्र त्या वाटेला जाऊ नये. डिसेंबर ते मार्च वारा वायव्येकडून येतो. तो मंद असतो, पण पाऊस भरपूर पडतो. दोन्हींच्या मधल्या संधिकाळात, म्हणजे एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, पाणी सर्वांत शांत असते. शाळेच्या परीक्षा संपल्यावरचा एप्रिल आणि दिवाळीची सुट्टी नेमकी याच काळात येते. मराठी कुटुंबाला याहून सोयीचा योग मिळणे कठीण. शिवाय माहे, प्रालँ, ला दीग ही मुख्य बेटे विषुववृत्ताच्या इतकी जवळ आहेत, की मॉरिशससारखी चक्रीवादळांची धास्ती इथे सहसा नसते.

मार्गही वाराच आखून देतो. ही बेटे ग्रॅनाइटची आणि डोंगराळ आहेत. माहेवरचे सर्वोच्च शिखर 905 मीटर उंच आहे. डोंगराच्या आडोशाला नांगर टाकला की रात्र शांत जाते, आणि आडोसा कुठल्या बाजूला ते मोसम ठरवतो. प्रालँच्या वायव्य टोकाचा आन्स लाझिओ हा किनारा आग्नेय वाऱ्यात सुरक्षित असतो. वायव्य वाऱ्यात तिथेच लाटा थेट आत येतात. माहे ते प्रालँ हे अंतर सुमारे 25 सागरी मैल, म्हणजे दोन धडांच्या कॅटामरानने साधारण चार तासांचे. पुढची बेटे आणखी जवळजवळ आहेत. बहुतेक कंपन्या अंधारात बोट हाकू देत नाहीत, त्यामुळे सकाळी निघून दुपारी मुक्काम गाठायचा, हाच इथला शिरस्ता.

आता बोटीचे बोलू. ‘बेअरबोट’ म्हणजे बोट घ्या आणि स्वतः चालवा. त्यासाठी अनुभवाचा दाखला द्यावा लागतो. तो नसेल तर बोट चालवणारा स्किपर घ्यायचा. तिसरा प्रकार स्वयंपाकी आणि खलाशांसह पूर्ण सरंजामाचा. चौथा, फारसा माहीत नसलेला प्रकार म्हणजे पूर्ण बोट न घेता एका केबिनपुरते पैसे भरायचे. जोडप्यांना तो परवडतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी कॅटामरान बरी. ती एकधडी बोटीसारखी कलत नाही आणि उथळ खाडीतही शिरते.

पैशांचा घोळ होतो तो इथेच. जाहिरातीतले भाडे बहुधा फक्त बोटीचे असते. स्किपरचा रोजचा पगार, इंधन, विमा, सागरी उद्यानांची प्रवेश फी आणि शेवटच्या साफसफाईचा खर्च वेगळा. स्किपर आणि स्वयंपाकी यांचे जेवण आपल्याकडे असते आणि त्यांना झोपायला जागाही लागते. आठ जणांनी बोट घेताना हे आधीच मोजावे. पूर्ण सरंजामाच्या यॉटवर खर्चासाठी आगाऊ रक्कम ठेवून घेतात. ती भाड्याच्या साधारण 30 टक्क्यांच्या आसपास असते. कॅप्टनने तिचा हिशेब द्यायचा आणि उरलेले पैसे परत करायचे, हा रिवाज आहे. अनामत वेगळी. बोट ताब्यात घेताना आधीचे ओरखडे स्वतः बघून त्यांचे फोटो काढून ठेवले, तर परतीच्या दिवशी वाद होत नाही.

बेटांचे नियम कडक आहेत, आणि त्यामागे इतिहास आहे. कुझँ बेट 1968 मध्ये पक्षिसंवर्धकांनी विकत घेतले, तेव्हा सेशेल्स वॉर्बलर या पक्ष्याची संख्या तिशीच्याही खाली आली होती. आज तो इतर बेटांवरही नांदतो. कुझँवर पाहुण्यांच्या होडीला आजही मज्जाव आहे. उंदीर चढू नयेत म्हणून राखणदार आपल्याच होडीतून पर्यटकांना नेतात. समुद्राचे पाणी तापल्याने 1998 मध्ये इथले बहुतांश प्रवाळ मेले. जे तगले किंवा नव्याने उगवले त्यावर नांगर आदळू नये म्हणून तो फक्त वाळूत टाकायचा, आणि जिथे बोया लावलेला आहे तिथे बोट त्यालाच बांधायची. प्रालँवरून कोको-द-मेर हा जोडनारळ आणायचा मोह झाला, तर परवान्याचा कागद सोबत हवाच. नाहीतर विमानतळावर तो जप्त होईल.

एवढे पाळून गेले, तर यॉट केवळ अब्जाधीशांची राहत नाही. मध्यम आकाराच्या कॅटामरानचा खर्च सहा-आठ जणांत वाटला आणि एरवी हॉटेले व बेटाबेटांमधल्या फेऱ्यांवर जाणारा पैसाही हिशेबात धरला, तर तुलना वाटते तितकी एकतर्फी ठरत नाही. फक्त करारावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न लेखी विचारा. आमच्या तारखांना वारा कुठला असेल? भाड्यात काय काय धरलेले नाही? आणि हवा बिघडली तर मार्ग बदलायचा अंतिम अधिकार कोणाचा? तिसऱ्याचे उत्तर ‘स्किपरचा’ असेच आले पाहिजे. ‘तुम्ही म्हणाल तिकडे नेऊ’ म्हणणाऱ्याची बोट घेऊ नका.