कळलं का?

मामाची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे आणि सोळा वर्षांची शुगर. गेल्या श्रावणात तिसऱ्या सोमवारी तो ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करून आला. आठ दिवसांनी मामीला फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. टाचेत बाभळीचा काटा मोडून बसला होता, आत पू झाला होता, आणि मामा रोज बागेत जात होता. "दुखलं असतं तर सांगितलं नसतं का?" हा त्याचा बचाव.

जखम भरल्यावर नाशिकला गोळे कॉलनीजवळच्या एका दवाखान्यात पाय तपासायला त्याला घेऊन गेलो. खालच्या गल्लीत औषधांच्या खोक्यांचे टेम्पो, वर ही शांत खोली. सिस्टरांनी आधी पाय पाहिलेच नाहीत, चपला उचलल्या. आत हात घालून चाचपल्या, तळ उलटा करून पाहिला. "चालताना चप्पल निसटते, काका?" मामा चमकला. निसटते, आणि चार पावलं गेल्यावर कळतं. तोवर हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग एक नायलॉनचा तंतू निघाला. त्वचेवर टेकवून दाबला की दहा ग्रॅमच्या जोराला तो वाकतो. सिस्टरांनी तो आधी मामाच्या कोपराजवळ टेकवून दाखवला आणि डोळे मिटायला सांगितले. अंगठा, चवड्याच्या तीन जागा. घट्टा मात्र टाळायचा, तिथली कातडी सगळ्यांचीच जाड असते.

"कळलं का?"

"हो."

सिस्टरांनी तंतू टेकवलाच नव्हता. मी पाहत होतो. मामा खोटं बोलत नव्हता. विचारलं म्हणजे काहीतरी केलं असणार, एवढा त्याचा भरवसा. माझ्या मते या कामातलं खरं कसब हेच आहे, पेशंटच्या भिडेतून खरं उत्तर काढणं. पुढे त्यांनी विचारणंच सोडलं. "लागेल तेव्हा तुम्ही बोला." खोलीत बराच वेळ पंख्याचाच आवाज होता.

शेवटी कंप मोजायचं यंत्र. अंगठ्याला टेकवलेली मूठ थरथरते, आकडा व्होल्टमध्ये हळूहळू चढतो, जाणवलं की थांबवायचं. पंचविसाच्या वर गेला की पायाला जखमेचा धोका जास्त. मामाचा उजवा 34, डावा 29.

पायच आधी का? कमरेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा शरीरात सर्वांत लांब. साखरेने नसा आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या दोन्ही बिघडतात, आणि पहिला फटका टोकाला बसतो. मग बधिरपणा मोजा चढवावा तसा वर सरकतो.

बधिर पायाची ही विद्या आपल्याकडे मधुमेहाआधी कुष्ठरोगाने शिकवली. 1946 साली वेल्लोरला आलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं रोगाने झडत नाहीत. वेदना नसल्याने माणूस तीच जागा पुन्हा पुन्हा दुखावतो. मामाला लिहून दिलेली मऊ एमसीआर रबराची चप्पल त्याच कामातून आली.

"नस परत येते का?" मामाने डॉक्टरांना सरळ विचारलं. रात्री तळव्यांची आग होते ती प्रीगॅबॅलिनने कमी होईल, पण गेलेली जाणीव त्या गोळीने येत नाही. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-12 कमी पडू शकतं, त्यानेही नसा बिघडतात. ते तपासून भरून काढता येतं. साखर आवरली की उरलेल्या नसांची झीज मंदावते. टाइप 1 मध्ये हा फायदा मोठा, 1993 च्या अमेरिकी अभ्यासात नसांचा त्रास साठेक टक्क्यांनी घटला होता; मामासारख्या टाइप 2 मध्ये त्याहून कमी. डॉक्टरांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही, हे मला आवडलं.

देवळाचं काय, हा मामीचा प्रश्न. सिस्टर म्हणाल्या, सकाळी दगड तापायच्या आत जा, मोजे घालून जा. गरम पाण्यात पाय बुडवायचे नाहीत, कुरूप ब्लेडने कापायचं नाही. रात्री तळवे मामीने बघायचे, कारण मामाला वाकून दिसत नाहीत.

डिसेंबरात पुन्हा गेलो. रात्रीची आग कमी, नवी जखम नाही. आकडे उजवा 34, डावा 29. पुढची तारीख मार्चची, ऐन काढणीतली. मामाने पुढे ढकलायला सांगितली. मी ढकललेली नाही.