क्रियापदाची जागा शोधताना

पश्चिम जर्मनीने १९५५ साली इटलीशी करार करून तेथील कामगार बोलावले. मागोमाग त्यांची मुले जर्मन शाळांत दाखल झाली आणि त्यांची पहिली झटापट झाली ती क्रियापदाशी. मराठीत ते बहुधा वाक्याच्या अखेरीस असते. जर्मनमध्ये मुख्य वाक्यात दुसऱ्या स्थानी, तर गौण वाक्यात शेवटी येते. त्यामुळे वाक्य ‘आज’ने सुरू झाले की ‘आज खेळतो मी फुटबॉल’ अशी रचना करावी लागते. नवे मूल मात्र ‘आज मी खेळतो फुटबॉल’ असे म्हणते.

ही चूक म्हणजे भाषाग्रहणाची एक पायरीच होय. भाषाशास्त्रज्ञ मानफ्रेड पीनेमान यांनी इटालियन मुलांना हा नियम मुद्दाम शिकवून पाहिला. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, लगतची आधीची पायरी गाठलेल्या मुलाला तो साधला. त्याहून मागे असलेल्यांना शिकवूनही साधला नाही.

बहुतेक जर्मन राज्यांत चौथीनंतरच मुलांची निरनिराळ्या शाळाप्रकारांत विभागणी होते. अशा वेळी पायरीलाच ‘ढ’पणा समजले गेले, तर त्याची किंमत मुलाला पुढे दीर्घकाळ मोजावी लागते.